कापलेले बोट काय शिकवते?

कुठल्याही वस्तीत चार बायका बसल्या असतील तिथे जाऊन त्यांचे डावे हात बघा. तर्जनीवर, अंगठ्याच्या पेरावर नाहीतर करंगळीच्या मुळाशी एखादी पांढरी रेघ हमखास दिसते. विचारले की उत्तर मिळते, "भात कापताना लागलं होतं", "कांदा चिरताना", "नारळ फोडताना". नेमके कसे लागले, त्या वेळी काय केले, हे सहसा कोणाला आठवत नाही. जखम भरली, विषय संपला.

आपल्या आजरा तालुक्यात धारेशी संबंध नाही असे घर सापडणार नाही. पाऊस सरला की भाताची कापणी, तिच्या मागोमाग उसाची तोड, उन्हाळ्याच्या तोंडावर काजू, आणि बारा महिने चुलीजवळची विळी. आजरा घनसाळ तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्यालाही अभिमान आहे. पण तो भात कापणारा हात पुष्कळदा मजुराचा असतो आणि हात हेच मजुराचे भांडवल असते. कचेरीत बसणाऱ्याचे बोट कापले तर त्याचा पगार थांबत नाही. आपल्या बाईचे बोट कापले तर आठ दिवसांची मजुरी जाते. तेच बोट चिघळले तर महिना जातो, कर्ज होते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर विळी, सुरी, विळा आणि कोयता यांच्याविषयी बोलू.

विनयातली सुई आणि सुरी

आपल्याकडे कापले की दोनच गोष्टी ऐकू येतात. एक तर "नशिबात होतं", नाहीतर "डोळे कुठे होते तुझे?" पहिल्यात दैव आहे, दुसऱ्यात दोष आहे. दोन्हींतून शिकायला काहीच मिळत नाही.

भगवान बुद्धांचा मार्ग यापेक्षा वेगळा होता. विनयपिटक वाचले तर लक्षात येते की संघाचे नियम आधीच बसून तयार केलेले नाहीत. काहीतरी घडायचे, ते तथागतांच्या कानावर जायचे, ते चौकशी करायचे आणि मग नियम व्हायचा. नियमात उणीव राहिली तर पुन्हा दुरुस्ती व्हायची. चुल्लवग्गात अगदी साध्या गोष्टी आहेत. चीवर शिवताना भिक्खू सुई बोटावर घ्यायचे, बोटे दुखावत. तेव्हा बुद्धांनी अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटावर घालायची टोपी, वापरायला परवानगी दिली. कापड कापायला सुरी दिली, तेव्हा तिच्यासाठी लोकरीच्या जाड कापडाचे आवरणही सांगितले. महावग्गात जखमेवर बांधायच्या पट्टीलाही परवानगी आहे. देवदत्ताने लोटलेल्या दगडाची कपची लागून तथागतांचा पाय जखमी झाला, तेव्हा जीवक वैद्यांनी उपचार केले, असे परंपरा सांगते.

बोट दुखावले तर भिक्खूला रागावणे नाही, पूर्वजन्मीचे पाप शोधणे नाही. बोट का दुखावले ते पाहायचे आणि ते पुन्हा दुखावू नये अशी सोय करायची. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही रीत आजच्या रुग्णालयांतही चालते. सुई टोचण्याच्या घटनांच्या नोंदी होऊ लागल्या, तेव्हा दिसले की वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना पुष्कळ जणांना टोचते. मग टोपण लावायचेच नाही, सुई सरळ जाड डब्यात टाकायची, असा नियम आला. शस्त्रक्रियेच्या खोलीत धारदार हत्यार एकमेकांच्या हातात देण्याऐवजी ट्रेमध्ये ठेवून दुसऱ्याने उचलण्याची पद्धतही अशीच आली.

आपल्या घरांतही जुन्या बायका सुरी हातात देत नाहीत, "भांडण होतं" म्हणून खाली ठेवतात. भांडणाची समजूत सोडून द्या, पण खाली ठेवण्याची सवय ठेवा. कारण साधे आहे. देणारा सोडतो आणि घेणारा धरतो, त्या एका क्षणात पाते कोणाच्याच ताब्यात नसते.

कापते कधी?

धम्मात अप्पमाद या शब्दाला मोठे स्थान आहे. धम्मपदात त्याचा स्वतंत्र वर्ग आहे. अप्पमाद म्हणजे बेसावध न राहणे. पण नुसते "सावध राहा" म्हणून बोटे वाचत नाहीत. बेसावधपणा कुठून येतो ते ओळखावे लागते.

धार गेलेल्या पात्याने जास्त कापते. ऐकायला उलटे वाटेल, पण बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो. जोर दिला की ती टोमॅटोच्या सालीवरून घसरते आणि त्याच जोराने बोटात शिरते. धारेची सुरी हलक्या हाताने चालते. विळ्याचेही तेच. दाते झिजलेला विळा भात कापत नाही, ओढतो. ओढताना झटका बसतो आणि डाव्या हाताच्या मुठीवर येतो. म्हणून सुगीच्या आधी लोहाराकडे जाऊन दाते काढून घेणे हा खर्च नव्हे, तो औषधपाण्याचा खर्च वाचवणे आहे.

दमलेला हात चुकतो. दिवसभर शेतात राबून आलेली बाई अंधारात, घाईने, पोराला ओरडत भाजी चिरते. त्या वेळी तिला कापले तर दोष तिच्या डोळ्यांचा नाही. घरातल्या बाकीच्यांनी भाजी का चिरली नाही, हा खरा प्रश्न आहे. चुलीजवळ एक चांगला दिवा आणि नवऱ्याच्या, मुलाच्या हातात सुरी, या दोन गोष्टींनी वस्तीतल्या कितीतरी जखमा टळतील.

आणि दारू. पंचशीलातले पाचवे शील मद्याचा संबंध थेट प्रमादाशी जोडते. पिऊन कोयता हातात घेणारा स्वतःचा पाय तोडतो, नाहीतर शेजारच्या तोडकऱ्याचा.

घरातले नियम

विळीवर बसताना पाट पायाखाली पक्का दाबा. काम अर्धवट टाकून उठायचे असेल तर पाते मिटवूनच उठा. घडीची विळी नसेल तर ती भिंतीकडे तोंड करून ठेवा, वर टोपली झाका. रांगते मूल घरात असेल तर विळीची जागा जमिनीवर नाही, उंच फळीवर.

सुरीने चिरताना फळीखाली ओले फडके ठेवा म्हणजे फळी सरकत नाही. धरलेल्या हाताच्या बोटांची टोके आत वळवा, अंगठा मागे ठेवा. कांदा, बटाटा आधी मधोमध कापा आणि सपाट बाजू खाली टेकवा, मग तो लोळत नाही. तळहातावर नारळ धरून कोयता मारू नका. नारळ दगडावर टेकवा, हात बाजूला घ्या. फणस कापताना हाताला तेल लावतो, त्या तेलकट हाताने मूठ निसटते. म्हणून मुठीचा हात कोरडा पुसून घ्या.

सुरी कधीही साबणाच्या पाण्यात भांड्यांखाली बुडवून ठेवू नका. भांडी घासणारीला ती दिसत नाही. चिरून झाली की लगेच वेगळी धुवा. हातातून सुरी निसटली तर झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या आणि पडू द्या.

चौदा एप्रिलला किंवा बुद्ध पौर्णिमेला विहारात भोजनदान असते. पोती भरून कांदे, दहा-बारा विळ्या, गर्दी, मधून धावणारी पोरे. चिरणाऱ्यांची जागा दोरी बांधून वेगळी करा. तिथे मुलांना सोडू नका. आणि सुऱ्या-विळ्या मोजून द्या, मोजून परत घ्या.

कचऱ्यातले पाते

दाढीचे पाते, फुटलेली बाटली, काचेचा ग्लास आपण तसाच कचऱ्यात टाकतो. तो कचरा उचलणारी बाई कोण असते? शहरात असो की नगरपंचायतीत, ती पुष्कळदा आपल्याच समाजाची असते. आपल्या घरातून गेलेले पाते आपल्याच बहिणीच्या हातात घुसते. पाती एका जुन्या पत्र्याच्या डब्यात साठवा, काच जाड कागदात गुंडाळून दोरीने बांधा आणि देताना तोंडाने सांगा, "यात काच आहे". याला एक पैसा लागत नाही.

कापलेच तर

रक्त फार येत असेल तर पहिले काम दाबणे. स्वच्छ सुती कापड जखमेवर ठेवून सलग दहा मिनिटे घट्ट दाबा, घड्याळ लावून. दर मिनिटाला उघडून बघू नका, जमत आलेले रक्त पुन्हा सुटते. हात छातीच्या वर धरा. कापड भिजले तर ते काढू नका, त्यावर दुसरे ठेवा. अंगठी आणि बांगड्या लगेच काढा, सूज आल्यावर त्या निघत नाहीत. बोटाच्या मुळाशी दोरा किंवा रबर आवळू नका. त्याने बोटाचा रक्तपुरवठा तुटतो.

रक्त थांबले, किंवा जखम छोटीच असेल, तर धुवा. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पाच मिनिटे. आजूबाजूची कातडी साबणाने धुवा. माती, तूस, शेण राहू देऊ नका. मात्र खोल रुतलेली काच किंवा काडी उपटू नका, ते काम दवाखान्याचे.

मग झाका. स्वच्छ कोरडी पट्टी बांधा, रोज बदला, भिजली की लगेच बदला.

हळद, चुना, तंबाखू, कॉफी, राख, टूथपेस्ट यातले काहीही भरू नका. त्याने रक्त थांबल्यासारखे वाटते, पण आत घाण कोंडली जाते. पुढे टाके घालायची वेळ आली तर सिस्टरला ते सगळे खरवडून काढावे लागते, आणि ते कापण्यापेक्षा जास्त दुखते. मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिकच्या गोळ्याही घेऊ नका. स्वच्छ धुतलेल्या छोट्या जखमेला त्यांची गरज नसते.

दवाखाना कधी गाठायचा?

दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नाही किंवा ते ठोक्याठोक्याने उसळते. जखमेचे तोंड उघडे राहते, आत पिवळसर-पांढरे दिसते. जखम सांध्यावर किंवा चेहऱ्यावर आहे. जखमेत शेण-माती गेली आहे. जखमी माणसाला मधुमेह आहे किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. यातले एक जरी असेल तरी निघा.

आणखी एक तपासणी घरीच करा. कापलेले बोट पूर्ण मिटते का, पूर्ण सरळ होते का, टोकाला स्पर्श कळतो का? यातले एकही होत नसेल तर आतली शीर, म्हणजे बोट हलवणारी दोरी किंवा स्पर्शाची नस, तुटलेली असू शकते. वरून जखम अर्ध्या इंचाची दिसते, पण वेळेत जोडली नाही तर बोट कायमचे वाकडे राहते. "एवढंसं तर कापलंय" म्हणून थांबणाऱ्यांचे नुकसान इथेच होते.

टाके शक्यतो सहा तासांच्या आत पडावेत. म्हणून संध्याकाळी लागलेल्या जखमेसाठी सकाळची वाट बघू नका. आजऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय आहे, मोठ्या इजेसाठी कोल्हापूरचे सीपीआर आहे. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. बोटाचा तुकडाच पडला असेल तर तो फेकू नका. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर तो मरतो.

दोन-तीन दिवसांनी दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, लाली पसरली, पू आला, ताप आला किंवा जखमेपासून वर लाल रेघ चढू लागली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. चिखलात काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. भाताच्या खाचरातल्या पाण्यात उंदराचे, जनावराचे मूत्र मिसळलेले असते आणि पायावरच्या चिरेतून लेप्टोचे जंतू शरीरात शिरतात. लावणी-कापणीनंतर थंडीताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले तर डॉक्टरांना "मी चिखलात काम केलंय" हे आपण होऊन सांगा.

धनुर्वात गंजात नसतो

"गंजलेलं होतं म्हणून इंजेक्शन घेतलं, नवीन सुरी होती म्हणून नाही घेतलं", असे नेहमी ऐकायला मिळते. धनुर्वाताचे जंतू गंजात जन्मत नाहीत. ते मातीत आणि शेणात असतात. नव्या कोऱ्या विळ्यानेही शेतात कापले तर धोका तोच. पूर्वी टी.टी. म्हणत ते इंजेक्शन. आता सरकारी दवाखान्यात त्याच्या जागी टी.डी. देतात, त्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण असते. लहानपणीचे डोस पुरे झाले असतील तर साध्या स्वच्छ जखमेला दहा वर्षांत आणि घाण जखमेला पाच वर्षांत डोस झालेला असला की चालते. डोस झाले की नाही माहीत नसेल तर नाही असे धरून घ्या. चोवीस तास उलटले म्हणून जायचे टाळू नका, उशिरा घेतलेले न घेतलेल्यापेक्षा बरे. तारीख मात्र कागदावर लिहून ठेवा.

याच जंतूने एकेकाळी आपली तान्ही बाळे नेली. घरी बाळंतपण व्हायचे, विळ्याने किंवा पात्याने नाळ कापली जायची आणि थोड्या दिवसांत बाळाचा जबडा आवळायचा. लोक म्हणायचे बाहेरचे लागले. गरोदर बाईला लस, स्वच्छ पाते आणि दवाखान्यातले बाळंतपण या तीन गोष्टींनी चित्र बदलले. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. ज्याला आपण भूतबाधा म्हणत होतो त्याला सुई पुरली. तरीही काही घरांत आजही बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तो विळा कशासाठी? तो कोणाला पळवत नाही, पण झोपेत बाळाला किंवा आईला लागू मात्र शकतो.

हात लावून घेण्याचा हक्क

काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टरने तिला हात लावला नाही. थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याकडे दिला आणि नवऱ्याने तिला लावला. ती बाई वाचली नाही. १९२९ सालची ही घटना बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. आज दवाखान्यात कोणी असे करत असेल तर तो गुन्हा आहे. "आपल्याला कोण विचारतंय" म्हणून घरी थांबू नका. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. टाके, ड्रेसिंग, इंजेक्शन हा आपला हक्क आहे.

कामावर इजा झाली तर भरपाईचाही हक्क आहे. त्याचा कायदा १९२३ पासून आहे, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला आहे. त्यात कोणते बोट गेले तर कमाईची क्षमता किती गेली, हेही ठरलेले आहे. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार झाली आणि पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. काजूच्या कारखान्यात यंत्रावर काम करणाऱ्या भगिनींनी आपले नाव हजेरीपटावर आहे का, विमा भरला जातो का, हे विचारावे. काजूच्या टरफलातले तेल कातडी भाजते आणि ते चिरेत गेले तर जखम चिघळते. मोजे मागणे म्हणजे नखरा नव्हे.

कापले तर केसपेपरवर "कामावर असताना, अमुक ठिकाणी" असे लिहून घ्या. "घरी लागलं म्हणून सांग", असे मुकादम किंवा मालक म्हणेल. तसे सांगितले की दावा तिथेच संपतो.

एक उणीव मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाला किंवा हात-पाय-डोळा गेला तर मदत मिळते, पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. दुसऱ्याच्या रानात भात कापणारी भूमिहीन बाई त्यात बसत नाही. ज्याच्या नावावर जमीन त्याच्या हाताला किंमत, जिचा हात राबतो तिच्या हाताला नाही. ही मागणी आपल्या संघटनांनी ग्रामसभेत, तहसील कचेरीत लावून धरली पाहिजे.

विहारात एक वही

शेवटी एक सूचना. प्रत्येक विहारात शंभर पानी एक वही ठेवा. वस्तीत कोणाला कापले की चार ओळी लिहायच्या: कोणत्या हत्याराने, कुठे, किती वाजता, आणि त्या वेळी काय चालले होते. नाव लिहू नका, दोष लिहू नका. लिहिता येत नसेल त्यांच्यासाठी शाळेतली मुले लिहितील. दर पौर्णिमेला वंदनेनंतर ती वाचायची. एका सुगीत दिसेल की अमुक रानात सगळ्यांना दुपारी चारनंतरच लागते, किंवा तीन घरांत एकाच घडणीच्या सुरीची मूठ निसटली आहे. मग काय बदलायचे ते वस्तीने ठरवावे. सोबत एक डबा ठेवा. त्यात गॉज, चिकटपट्टी, साबण, रबरी मोज्यांची जोडी, कात्री आणि १०८ लिहिलेला कागद असावा. डब्याची किल्ली एकाच माणसाकडे नको. उघडताच येणार नाही अशा डब्याचा उपयोग नाही.

भिक्खूंच्या दुखऱ्या बोटांतून संघाला अंगुस्तान मिळाले. आपल्या बोटांवरच्या पांढऱ्या रेघांतूनही पुढच्या पिढीला काहीतरी मिळायला हवे. येत्या पौर्णिमेला वही आणि डबा दोन्ही विहारात आलेले असू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!